गमतीचे नाव, गमतीचे गाव

लहानपणी आमच्या घरी पावसाळ्यात एक खेळ चाले. बाहेर पाऊस कोसळत असला, अंगणात चिखल झालेला असला आणि "गलका करू नका" अशी मोठ्या माणसांची तंबी मिळालेली असली, म्हणजे आम्ही चारपाच भावंडे ओटीवर वह्या घेऊन बसत असू. पाठकोऱ्या कागदावर चार रकाने आखावयाचे आणि त्यांच्या माथ्यावर लिहावयाचे : नाव, गाव, फळ, फूल. मग कोणी तरी एक अक्षर पुकारी आणि सर्वांच्या पेन्सिली धावू लागत. 'क' आला, तर कमल, कराड, केळे, कण्हेर! पहिले दोन रकाने कोणालाही भरता येत. फळ आणि फूल यांपाशी मात्र गाडी अडे. 'घ'च्या वेळी माझ्या धाकट्या भावाने फळाच्या रकान्यात घोसाळे लिहिले आणि घोसाळे हे फळ की भाजी, यावरून त्या दिवशी जो वाद माजला, तो आईने येऊन मिटवीपर्यंत मिटला नाही.

आता मोठेपणी मी ज्या खेळात रमतो, त्यात नेमके उलट घडते. तेथे फळाफुलांची नुसती रेलचेल असते. नाव आणि गाव हे दोन रकाने मात्र बहुधा रिकामेच राहतात.

हा खेळ तुम्हांलाही चांगला परिचयाचा आहे. इंटरनेटवर फेरफटका मारताना काही तरी नवलाचे, काही तरी हसू आणणारे आपल्या दृष्टीस पडते. कोठे झोपाळू कोआला, कोठे गुलाबी पाण्याचे तळे, कोठे एखादे विलक्षण यंत्र! ते पाहून आपण क्षणभर हरखतो आणि दुसऱ्याच क्षणी मनात येते, की हे अमक्याला दाखविलेच पाहिजे. बोट हलते आणि आपली गंमत दुसऱ्याच्या हाती जाऊन पडते.

पुष्कळ वडील माणसे या गोष्टीला वेळेचा अपव्यय म्हणतात. मी त्या मताचा नाही. नदीवर गेलेले मूल गुळगुळीत गोटा सापडताच तो खिशात घालून थेट घरी धावत सुटते आणि आईला म्हणते, "बघ, बघ!" तो गोटा कोणाच्या उपयोगाचा नसतो. परंतु "बघ" म्हणावयास कोणी नसेल, तर गोट्याचा अर्धा आनंद नदीवरच राहून जातो. माणूस हसावयाचे असले म्हणजे सोबती शोधतो, हा त्याचा मोठा चांगला गुण आहे असे मला वाटते. शिवाय अशा निरुपयोगी गमतींतून कधी काय निपजेल, याचा नेम नसतो.

इंटरनेटच्या बालपणातलीच एक गोष्ट पाहा. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणकाची एक प्रयोगशाळा होती. तेथे 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे एकच यंत्र होते आणि पिणारे विद्वान मात्र अनेक. वरच्या मजल्यावरून जिने उतरून यावे आणि भांडे रिकामे असावे, असा अनुभव बिचाऱ्यांना वारंवार येई. तेव्हा १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी एक युक्ती काढली. त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा रोखून ठेवला आणि त्याचे चित्र आपापल्या मेजावरील संगणकाच्या पडद्यावर दिसावे, अशी व्यवस्था केली. चित्र लहानसे, काळेपांढरे, आणि मिनिटातून तीनएक वेळाच बदलणारे. परंतु भांडे भरले आहे की रिते, एवढे त्यावरून समजे आणि विद्वानांचे हेलपाटे वाचत.

पुढे १९९३ च्या नोव्हेंबरात हेच चित्र इंटरनेटवरून साऱ्या जगाला खुले झाले. आता, त्या भांड्यात पाहण्यासारखे काय होते? काही नाही! ते भरलेले असे, नाही तर रिकामे असे. तरीही हजारो मैलांवरची माणसे, ज्यांना त्या कॉफीचा एक घोटही मिळण्याचा संभव नव्हता, ती त्या भांड्याकडे टक लावून बसत आणि एकमेकांना सांगत, "अरे, केंब्रिजची कॉफी संपलेली दिसते!" २२ ऑगस्ट २००१ रोजी प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाण्याच्या सुमारास तो कॅमेरा बंद करण्यात आला. त्या यंत्राचा लिलाव झाला, तेव्हा एका जर्मन नियतकालिकाने ते ३,३५० पौंड देऊन विकत घेतले. दूरचे दृश्य कॅमेऱ्यातून घरबसल्या पाहण्याची जी सोय आज आपल्याला सहज वाटते, तिचा पहिला मान या कॉफीच्या भांड्याकडे जातो.

ही गोष्ट मी तुम्हांला बेधडक सांगू शकलो, कारण तिचे नाव-गाव शाबूत राहिले आहे. ती कोठे घडली, कोणी घडविली, केव्हा घडली, हे सारे तिच्याबरोबर प्रवास करीत आले. सगळ्याच गमतींचे भाग्य एवढे थोर नसते. हातोहात जाताना त्यांचे कधी शेपूट तुटते, कधी डोके, आणि कधी तर बिचारीला दुसऱ्याच कोणाचे डोके बसविले जाते.

रबरी बदकांची हकीकत तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. इंटरनेटवर ती वर्षानुवर्षे फिरत आहे. तिच्यात असे सांगतात, की एका जहाजावरून हजारो पिवळी बदके समुद्रात पडली आणि जगभर तरंगत गेली. गोष्ट खोटी नाही. १० जानेवारी १९९२ रोजी हाँगकाँगहून अमेरिकेकडे जाणारे एक मालवाहू जहाज उत्तर पॅसिफिक महासागरातील वादळात सापडले. त्यावरील काही मोठ्या पेट्या लाटांबरोबर समुद्रात गेल्या. त्यांपैकी एका पेटीत मुलांनी न्हाणीघरात खेळावयाची २८,८०० खेळणी होती. मात्र ती सगळी बदके नव्हती! प्रत्येक पुडक्यात चार सोबती होते : पिवळे बदक, निळे कासव, हिरवा बेडूक आणि तांबडा बीव्हर. शिवाय ही खेळणी रबराची नसून प्लास्टिकची होती. म्हणजे तीन चतुर्थांश प्रवाशांची नावेच गोष्ट सांगणाऱ्यांनी गाळून टाकली. बदक दिसावयास गोजिरवाणे, म्हणून ते तेवढे राहिले. मला त्या कासवाबद्दल नेहमी वाईट वाटते. कारण उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने बदके आणि बीव्हर पुढे पांढुरके पडले, पण कासवे आणि बेडूक यांनी आपला रंग टिकविला होता.

या हकीकतीतील खरी मौज तर पुढेच आहे. सुमारे दहा महिन्यांनी अमेरिकेच्या अलास्का प्रांतात, सिटका गावाच्या आसपास, ही खेळणी किनाऱ्याला लागू लागली. समुद्रप्रवाहांचा अभ्यास करणारे कर्टिस एबेसमेयर आणि जेम्स इंग्रॅहॅम या शास्त्रज्ञांच्या कानी ही वार्ता गेली. महासागराचे पाणी कोणत्या वाटेने आणि किती वेगाने वाहते, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ मुद्दाम बाटल्या सोडतात. त्यांतील फारच थोड्या परत सापडतात. येथे तर समुद्राने एकदम २८,८०० निशाण्या आपण होऊन सोडल्या होत्या! दोघांनी किनाऱ्यावर वस्तू वेचीत हिंडणाऱ्या लोकांना विनंती केली, की खेळणे सापडले तर आम्हांला कळवा. लोकांनी कळविले. कोणते खेळणे, कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या दिवशी सापडले, याच्या नोंदी जमू लागल्या आणि त्यांवरून प्रवाहाची वाट ताडून पाहता आली. एखाद्याने नुसतेच "मला एक बेडूक सापडला" असे लिहिले असते, तर शास्त्रज्ञांनी त्या बेडकाचे काय करावयाचे होते? गाव आणि दिवस यांमुळे त्या बेडकाला किंमत आली.

एवढे सगळे मला समजत असूनही मी एकदा चांगलाच फसलो आहे, आणि ती कथा सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी दोन दिवसांवर आली होती. माझ्या मोबाईलवर एका मित्राकडून एक चित्र आले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर आपल्या भारताचा आकार, आणि त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, तांबड्या ठिपक्यांची उधळण! खाली लिहिले होते, की हे दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणाऱ्या भारताचे छायाचित्र असून ते नासा या अमेरिकेच्या अवकाशसंस्थेने घेतले आहे. मी हरखून गेलो. अंगणातील पणत्यांचा उजेड आभाळाच्या पलीकडून दिसतो, या कल्पनेनेच माझा ऊर भरून आला. क्षणाचाही विलंब न लावता मी ते चित्र घरातील सर्व मंडळींना पाठवून दिले. वर पदरचे एक वाक्यही जोडले : "यात आपलीही पणती आहे."

माझी भाची तेव्हा सहावीत होती. तिच्या वर्गाबाहेर एक फलक असे. त्यावर मुले सुविचार, दिनविशेष, कात्रणे असे काही ना काही लावीत. सुटी संपून शाळा उघडली, तेव्हा तिने ते चित्र छापून घेतले आणि माझ्या वाक्यासकट फलकावर लावले. मधल्या सुटीत मुलांची झुंबड उडाली. इतक्यात एका मुलाने विचारले, "पणत्या निळ्या आणि हिरव्या कशा?"

"आकाशकंदील असतील," भाची म्हणाली.

"एका भागात सगळे हिरवेच आकाशकंदील?"

तेवढ्यात विज्ञानाच्या बाई तेथे आल्या. त्यांनी शांतपणे विचारले, "हे छायाचित्र कोणत्या दिवाळीचे आहे? कोणी घेतले, हे तू कोठे वाचलेस?"

"आमच्या मामांनी पाठविले," ती म्हणाली आणि सगळी मुले हसली.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती, रागावली असती तर मला बरे वाटले असते. तिने एवढेच विचारले, "मामा, ते चित्र तुम्हांला कोणी पाठविले?"

"माझ्या एका मित्राने."

"आणि त्यांना?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण ज्याच्यावर विश्वास टाकला, त्याने हाती काय दिले हे त्यालाच ठाऊक नाही, असे त्या मुलीला त्या क्षणी कळले. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

मग आम्ही दोघे त्या चित्राचा माग काढावयास बसलो. शब्दांवरून शोध घेता येतो, तसा चित्रावरूनही शोध घेण्याची सोय आता झालेली आहे. ते चित्र याआधी कोठे कोठे प्रसिद्ध झाले होते, हे पाहत पाहत आम्ही मागे मागे गेलो आणि शेवटी खुद्द नासानेच २०१२ साली केलेल्या खुलाशापाशी येऊन थांबलो.

ते चित्र दिवाळीचे नव्हते. किंबहुना ते एका रात्रीचे छायाचित्रच नव्हते. अमेरिकेत सागर व वातावरण यांचा अभ्यास करणारी एक सरकारी संस्था आहे. तेथील ख्रिस एल्व्हिज या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या वर्षांची उपग्रहांची निरीक्षणे एकत्र करून २००३ साली ते तयार केले होते. वस्ती कशी वाढत गेली, हे दाखविणे हा त्यामागील हेतू होता. जे दिवे १९९२ च्या पूर्वीपासून दिसत होते, ते पांढरे. १९९२ मध्ये नव्याने दिसू लागलेले निळे, १९९८ मधील हिरवे, आणि २००३ मध्ये प्रथम दिसलेले तांबडे. उपग्रहाला दिवे असे रंगीबेरंगी दिसले नव्हते. ते रंग माणसाने समजण्यासाठी दिलेले होते. आपण नकाशात जिल्ह्यांना रंग देतो, तसे.

खऱ्या दिवाळीच्या सुमारास घेतलेले चित्रही नासाने सोबत दिले होते. २०१२ साली दिवाळी १३ नोव्हेंबरला होती आणि ते चित्र १२ नोव्हेंबरच्या रात्रीचे आहे. त्यात शहरे उजळलेली दिसतात, पण ती रोजच्यासारखीच. दिवाळीच्या दिव्यांनी जो अधिक उजेड पडतो, तो इतका थोडा असतो, की अवकाशातून तो ओळखूही येऊ नये. माझी पणती तेथवर पोचलेली नव्हती!

खरे सांगावयाचे, तर प्रथम मी थोडा हिरमुसलो. भाची मात्र पडद्यावरून नजर काढीना. "मामा, म्हणजे हा तांबडा ठिपका जेथे आहे, तेथे आधी उपग्रहाला अंधारच दिसत होता?"

"होय."

"मग आपल्या आजोळी दिवे कधी आले?"

हा प्रश्न आम्ही माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला विचारला. आणि मग जे ऐकावयास मिळाले, ते त्या खोट्या ओळीच्या शतपटीने मोलाचे होते. वाडीत वीज येण्यापूर्वी रोज संध्याकाळी कंदिलाच्या काचा राखेने पुसून स्वच्छ करण्याचे काम आईकडे असे. एखादी काच हातातून निसटून फुटली, की बोलणी बसत, कारण नवी काच बाजाराच्या दिवसापर्यंत मिळत नसे. घासलेटाच्या चिमणीने भिंती काळ्या होत. वीज आली त्या रात्री वाडीतील माणसे एकमेकांच्या घरी दिवा पाहावयास गेली. आणि प्रत्येकाच्या घरी तसलाच दिवा होता! एका म्हातारीने तर फुंकर घालून दिवा विझविण्याचा यत्न केला. हे सांगताना आई इतकी हसली, की तिच्या डोळ्यांना पाणी आले. इतक्या वर्षांत ही हकीकत तिने आम्हांला कधी सांगितली नव्हती. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी फलकावर चित्र तेच राहिले, पण खालचा मजकूर बदलला. चार रंगांचा अर्थ लिहिला गेला, एल्व्हिज यांचे नाव लिहिले गेले, आणि शेवटी भाचीने विचारले : "तुमच्या गावात वीज केव्हा आली? घरी विचारून या." त्या फलकापुढे पहिल्या दिवसापेक्षा अधिक गर्दी जमली, असे तिने मला अभिमानाने सांगितले. कोणाचे गाव कोकणातले, कोणाचे मराठवाड्यातले. प्रत्येकाने आजीआजोबांची एकेक आठवण आणली होती.

माझ्यासारखा प्रौढ माणूस इतक्या सहज फसतो, मग तुमच्या वयाच्या मुलांचे काय होते, असा प्रश्न अमेरिकेतील काही संशोधकांनाही पडला होता. त्यासाठी त्यांनी एका अजब प्राण्याची मदत घेतली. १९९८ पासून इंटरनेटवर 'झाडावर राहणारा ऑक्टोपस' या विषयाला वाहिलेली काही पाने आहेत. आठ हातांचा हा समुद्रप्राणी अमेरिकेच्या वायव्येकडील दाट अरण्यात झाडांवरून हिंडतो, तो नामशेष होत चालला आहे, त्याला वाचवा, असे त्यांत मोठ्या गांभीर्याने, चित्रांसह लिहिलेले आहे. अर्थात तसा प्राणीच नाही. ती सारी एका विनोदी लेखकाची करामत. कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी सातवीतील २५ हुशार मुलांना ती पाने वाचावयास दिली. जवळजवळ सर्वांनी ती खरी मानली. गंमत म्हणजे, हा बनाव आहे असे सांगितल्यावरसुद्धा काही मुले हट्टाने म्हणत राहिली, की असा ऑक्टोपस आहेच!

त्या विनोदी लेखकावर मी रागावणार नाही. त्याने आपल्या थट्टेच्या घरात एक खिडकी उघडी ठेवली होती. त्या ऑक्टोपसचा मोठा शत्रू म्हणून त्याने 'सॅस्क्वॉच'चे नाव दिले आहे. हा सॅस्क्वॉच म्हणजे अमेरिकन लोककथांतील केसाळ वनमानव. आपल्याकडे कोणी लिहावे, की अमका पक्षी फार दुर्मिळ झाला आहे, कारण ब्रह्मराक्षस त्याची अंडी खातो. तसलाच हा प्रकार. सावकाश वाचणाऱ्याला तेथे हसू फुटलेच पाहिजे. बी. बी. सी. या ब्रिटिश संस्थेने १ एप्रिल १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाडांना लागलेल्या शेवयांची, म्हणजे स्पॅगेटीची, सुगी दूरचित्रवाणीवर दाखविली होती. तेथेही तारखेची खिडकी उघडी होतीच. तरी हे झाड घरी कसे लावावे, अशी पुष्कळांनी विचारणा केली ती केली! अशी थट्टा तुम्ही खुशाल एकमेकांना पाठवा. परंतु तिची खिडकी बंद करून, म्हणजे तारीख खोडून, लेखकाचे नाव कापून ती पुढे पाठविली, तर ती थट्टा राहत नाही. ती लबाडी होते, आणि पाठविणाऱ्याला ते कळलेलेही नसते.

आता तुम्ही म्हणाल, मग कशावरच विश्वास ठेवू नये, हे उत्तम. नाही, ही तर आणखी मोठी चूक आहे. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराची काही चित्रे सर्वत्र फिरू लागली. उल्कापाताने तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर, आणि त्यात चक्क गुलाबी पाणी! माझ्या ओळखीच्या एका चतुर गृहस्थांनी एका दृष्टिक्षेपात निकाल दिला, "हे संगणकावर रंगविलेले आहे." दिवाळीच्या चित्राने तोंड पोळलेला मीही ताक फुंकून पिऊ लागलो होतो, मी मान डोलाविली. आणि दोघेही तोंडघशी पडलो. पाणी खरोखरच गुलाबी झाले होते. उपग्रहांनाही ते तसेच दिसले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत 'हॅलोआर्किया' नावाचे अतिसूक्ष्म जीव आढळले. त्यांना अतिशय खारट पाणी मानवते आणि त्यांच्या अंगी गुलाबी रंगद्रव्य असते. पाणी स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. आपल्याच राज्यात घडलेले हे नवल आम्ही दोघा शहाण्यांनी, न तपासता, खोटे ठरवून मोकळे झालो होतो. डोळे मिटून मान्य करणे आणि डोळे मिटून नाकारणे, या दोहोंत मिटलेले डोळे सारखेच.

डोळे उघडे ठेवणे म्हणजे काय, हे नेदरलँड्समधील हॅनी व्हॅन आर्केल या शिक्षिकेने फार सुंदर रीतीने दाखविले आहे. २००७ च्या जुलैत शास्त्रज्ञांनी इंटरनेटवरून सर्वसामान्य लोकांना एक आवाहन केले. दूरदूरच्या दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, सुमारे नऊ लाख चित्रे त्यांच्यापाशी जमली होती. प्रत्येक दीर्घिका गोल आहे की भोवऱ्यासारखी, हे पाहून सांगणारे डोळे त्यांना हवे होते. हॅनीबाई हे काम हौसेने करीत असताना एका दीर्घिकेच्या खाली त्यांना एक विचित्र डाग दिसला. "असेल काही तरी" म्हणून त्यांना पुढे जाता आले असते. किंवा "परग्रहावरील माणसांची नगरी सापडली!" असे लिहून खळबळही उडविता आली असती. त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. कोणत्या चित्रात, कोठे, हे नीट सांगून त्यांनी सोबत्यांना आणि शास्त्रज्ञांना विचारले, की हे काय आहे?

ते कोणालाच ठाऊक नव्हते! पुढे मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. अवकाशातील हबल दुर्बिणीनेही त्याचे छायाचित्र घेतले. तो वायूचा एक विराट मेघ होता. शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळला होता, आणि तो प्रकाशाचा झरा आता मंदावलेला असूनही मेघ मात्र अद्याप चमकत होता. शास्त्रज्ञांनी त्याला हॅनीबाईंचेच नाव दिले. डच भाषेत 'व्होरवेर्प' म्हणजे वस्तू. म्हणून तो 'हॅनीची वस्तू' ठरला. नावही किती साधे!

माझे म्हणणे एवढेच, की गंमत पाठविताना आपण तिचे पालक असतो. लहान भावंडाला एकट्याने परगावी पाठवावयाचे असले, तर आई त्याच्या खिशात नाव आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालते. तेवढेच करावयाचे. हे कोणी पाहिले, कोठले आहे, केव्हाचे आहे, एवढ्या तीन शब्दांच्या चिठ्ठीला कितीसा वेळ लागतो? कधी कधी नाव-गाव सापडतच नाही. अशा वेळी "हे कोठले आहे ते मला समजले नाही, तुम्हांला ठाऊक आहे काय?" असे लिहून पाठविण्यात मला कमीपणा वाटत नाही, आणि खरोखरच कधी कधी उत्तरही येते. उलट, ज्याला सगळेच ठाऊक असते आणि जो सकाळ-संध्याकाळ पन्नास पन्नास चित्रांचा भडिमार करतो, त्याची चित्रे मी आताशा उघडून पाहत नाही. गमतीचीही भूक असते. पंगतीत आग्रह फार झाला, की पहिल्या लाडवाची चवसुद्धा आठवत नाही.

गेल्या दिवाळीत ते रंगीत चित्र पुन्हा आले. ते येणारच, अशी चित्रे वाऱ्यावरच्या म्हातारीसारखी वर्षानुवर्षे उडत राहतात. या खेपेस पाठविणारे होते आमचे एक दूरचे काका. वय ऐंशीच्या घरात, वास्तव्य खेड्यात. चित्राखाली ओळ लिहिलेली होती : "यात आपलीही पणती आहे." माझेच वाक्य, माझ्या नावाशिवाय, इतकी वर्षे कोठे कोठे फिरून माझ्याच दारी परत आले होते! मी लाजलो आणि काकांना खुलासा लिहावयास बसलो. पण तो पुरा होण्यापूर्वीच भाचीचे उत्तर तेथे येऊन पडले. ती आता महाविद्यालयात आहे. तिने चार रंगांचा अर्थ सांगितला होता, ते चित्र कोणी आणि केव्हा तयार केले ते लिहिले होते, आणि शेवटी विचारले होते, "आजोबा, तुमच्या गावात वीज कोणत्या वर्षी आली?"

काकांचे उत्तर रात्री आले. ते फार लांबलचक होते.